पोटात काय आहे?

डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नानांना मुलांची नावं लक्षात राहत नाहीत. सोसायटीतल्या झाडून साऱ्या पोरांना ते 'काय रे बाळा' आणि 'काय गं बाळा' यावर भागवतात. त्या पोरांच्या काखोटीला असलेली अस्वलं, ससे, मेंढ्या आणि हत्ती यांची कुंडली मात्र त्यांना तोंडपाठ. "चौथ्या मजल्यावरचा ससा ना? वरून सुती, आतून लोकर, डावा कान मागाहून शिवलेला, तोही पांढऱ्याऐवजी हाफव्हाइट दोऱ्यानं." सशाची मालकीण यंदा दहावीला बसली आणि सशाकडे तिनं कित्येक वर्षांत ढुंकूनही पाहिलेलं नाही, याचा नानांना पत्ता नाही. जिन्यात भेटली की विचारतात, "कसा आहे?" ती बिचारी म्हणते, "गणित जरा अवघड गेलं."

नाना ठाण्याच्या एका लोकरीच्या गिरणीत प्रोसेसिंग खात्यात होते. उमेदीची सगळी वर्षं लोकर धुण्यात गेली. ऑस्ट्रेलियाहून गाठी यायच्या. त्यातली मेंढीची चरबी, घाम, माती, काटेकुटे सगळं काढायचं आणि लोकरीला मात्र कळू द्यायचं नाही, असं ते सांगतात. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, कट्ट्यावर बसून महापालिकेचा कारभार सुधारतात, गेला बाजार बाल्कनीत मिरच्या लावतात. नानांनी भरलेली खेळणी धरली. कुणाचं जुनं, नाजूक, परदेशातून आलेलं किंवा आजीनं हातानं केलेलं खेळणं मळलं, की ते नानांकडे जातं. फी नाही. फी परवडली असती, कारण तिच्याऐवजी व्याख्यान ऐकावं लागतं.

खेळणं पुढे केलं तर नाना ते लगेच हातात घेत नाहीत. लांबचा चष्मा काढून जवळचा लावतात, पंचाला हात पुसतात आणि दारातच पहिला प्रश्न टाकतात, "पोटात काय आहे?"

तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एका सूनबाईंना हा प्रश्न असाच उंबऱ्यात विचारला गेला. त्यांच्या हातात थोरल्याचं अस्वल होतं आणि त्यांना स्वतःला सातवा महिना होता. "ते डॉक्टर सांगत नाहीत हो नाना, कायद्यानं बंदी आहे," असं त्या लाजत म्हणाल्या. नाना चकित झाले. अस्वलाच्या पोटाबद्दल सरकारनं कायदा केला आणि आपल्याला पेपरात वाचायला मिळाला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. आतून काकू धावत आल्या म्हणून पुढचा प्रश्न, म्हणजे "जरा दाबून बघू का?", तोंडातल्या तोंडात राहिला.

प्रश्न मात्र रास्त आहे, हे मी त्यांच्या शेजारात राहून मान्य केलंय. खेळणं वरून कसं दिसतं यापेक्षा आत काय कोंबलंय, यावर त्याची आंघोळ ठरते. नाना ते कानाशी धरून हलकेच दाबतात. कुरकुरलं, तर लाकडाचा बारीक कीस. जुन्या युरोपीय अस्वलांत तो ठासून भरत. त्याला पाणी लागलं की तो फुगतो, मग कुजतो, आणि वरची कातडी कितीही स्वच्छ झाली तरी आतून वखारीचा वास यायला लागतो. काहीच आवाज आला नाही आणि खेळणं हाताला हवेसारखं लागलं, तर सावरीचा कापूस. त्याचे तंतू पोकळ, अंगावर मेणाचा थर, पाण्याला सहजी दाद देत नाही. म्हणूनच तो एके काळी जहाजांवरच्या लाइफ जॅकेटमध्ये भरत. पण हट्टानं भिजवून पिळला, तर मोडतो, गोळा होतो आणि फुगवटा जातो तो जातोच. साधा कापूस वजनदार लागतो. तो पाणी मनसोक्त पितो आणि सोडताना मात्र भाडेकरूसारखी अडवणूक करतो. आजीच्या हातच्या बाहुलीत बहुधा चिंध्या निघतात, आणि त्या चिंध्यांमध्ये एखादी लाल खणाची असतेच. ती एकटी साऱ्या बाहुलीला गुलाबी करून सोडायला समर्थ असते.

आणि पोट दाबून सोडल्यावर ते लगेच, उत्साहानं, पूर्ववत वर आलं, तर नाना चष्मा काढतात. "अगं, तुझा पेशंट आलाय," असं आत ओरडून सांगतात आणि पेपर उचलतात. पॉलिएस्टर. काकू ते अस्वल घेतात, डोळे घट्ट आहेत का बघतात, जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधतात आणि मशीनमध्ये टाकतात. तासाभरात अस्वल गॅलरीत. काकूंचे पेशंट नानांच्या दसपट आहेत आणि त्यांना व्याख्यान नाही. ही गोष्ट नानांना सलते. पॉलिएस्टर हे त्यांच्या लेखी भरण नव्हेच, पॅकिंग आहे.

पोटाचा निकाल लागला की कातडीची चौकशी. शिवणीच्या आतल्या बाजूनं एकच तंतू चिमट्यानं ओढायचा, गॅसजवळ न्यायचा आणि वास घ्यायचा. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख, म्हणजे सुती. केस जळल्याचा वास आणि बोटांत चुरडणारा काळा मणी, म्हणजे प्राणी. वितळून कडक मणी झाला, तर पुन्हा काकू. हा वास ते खेळण्याच्या आईलाही घ्यायला लावतात. मूल सोबत असेल तर एव्हाना ते 'नाना माझ्या सशाला जाळतायत' म्हणून जिन्यापर्यंत पोहोचलेलं असतं. नानांना त्याचं काही नाही. निदान झालेलं असतं. "प्राणी," ते जाहीर करतात. "आता मेंढी, शेळी की ससा, ते बघू."

इथं एक छोटी तोंडी परीक्षा होते. मोहेर कुणाची? लोक सांगतात, मेंढीची. चूक. अंगोरा शेळीची. मग अंगोरा कुणाची? लोक आता सावध होऊन सांगतात, शेळीची. पुन्हा चूक, अंगोरा सशाची. कूकर लावून आलेली बाई या टप्प्यावर घड्याळाकडे बघू लागते.

हे सगळं एका वहीत उतरतं. वहीवर 'आवक-जावक' असं लिहिलेलं आहे आणि आत रकाने आखलेले आहेत: खेळण्याचं नाव, कातडी, पोट, डोळे (काच, प्लॅस्टिक की शिवलेले), पूर्वी कुणी काय उपचार केले, आणि शेवटी 'नातेवाइकांचा स्वभाव'. हा शेवटचा रकाना मी एकदा चोरून वाचला. 'उतावीळ.' 'ब्लीचकडे कल.' 'यूट्यूब बघतात.' एका ठिकाणी नुसतंच 'देव रक्षो.' आमच्या घरासमोर काय लिहिलंय ते बघायच्या आत त्यांनी वही मिटली.

या माणसाचा खरा गुण, आणि त्रासही, असा की ते धुवायला आलेल्या खेळण्यांपैकी निम्मी धुवतच नाहीत. लोकांना फेस, बादली, दोरीवर निथळणारं अस्वल हे सगळं अपेक्षित असतं. नाना व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडनं बांधतात, म्हणजे डोळा किंवा नाकाचं बटण आत ओढलं जात नाही. कमी ताकदीवर सावकाश धूळ ओढून घेतात. मऊ ब्रशनं लव सरळ करतात. तेलकट हाताचा डाग असेल तर त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून रात्रभर ठेवतात आणि सकाळी झटकतात. "झालं. न्या." बाई अस्वल उलटंपालटं करून बघते. "पण नाना, धुतलं नाहीत?" "वहिनी, आपण शाल दर आठवड्याला धुतो का?" धुतलेलं दिसलं नाही की लोकांना स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही. एकींनी तर नानांकडून नेलेला हत्ती घरी जाऊन पुन्हा धुतला, तेही धुण्याच्या सोड्यात. नंतरचा अध्याय वहीत आहे. स्वभावाच्या रकान्यात.

सोडा म्हटला की नाना उभे राहतात. लोकर म्हणजे केस, केस म्हणजे प्रथिन, आणि प्रथिनाला अल्कली सोसत नाही, हे ते पोस्टमनलाही सांगतात. सुती कापडाला सोडा चालतो, म्हणून तो लोकरीलाही चालेल हे त्यांच्या मते धोब्यांनी पसरवलेलं तत्त्वज्ञान आहे. ब्लीचचं तर ते प्रात्यक्षिकच दाखवतात. काचेच्या पेल्यात कडक ब्लीच ओतायचं, लोकरीचा एक धागा सोडायचा आणि बोलत बसायचं. थोड्या वेळानं पेल्यात धागा नसतो. विरघळलेला असतो. हा प्रयोग पाहिलेली माणसं ब्लीच आणि नाना या दोघांपासून कायमची लांब राहतात. पाकिटावर 'हट्टी डाग खाणारी एन्झाइम्स' असं लिहिलेली पावडर दिसली की ते विचारतात, "डाग कशाचा? दुधाचा, अंड्याचा. म्हणजे प्रथिनाचा. आणि मेंढी कशाची? मग ते एन्झाइम डाग कुठे संपला आणि मेंढी कुठे सुरू झाली, हे कुणाला विचारणार?" या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नसतं. त्याला सुट्टे पैसे हवे असतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाला काकानं जर्मनीहून अस्वल आणलं, तेव्हा नानांच्या आयुष्यात दिवाळी आली. मोहेरची सोनेरी लव, काचेचे डोळे, मान आणि हातपाय फिरणारे, पोट दाबलं की कुरकुर. कानात धातूचं बटण. ते बघून नाना खुर्चीवरून उठले. वहिनी डाग दाखवायला आल्या होत्या. पोरानं अस्वलाला श्रीखंड भरवलं होतं. नानांनी आधी 1902 साल काढलं. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले, लोकांनी एक अस्वल बांधून समोर उभं केलं आणि रूझवेल्टनी त्याच्यावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरिमननं वॉशिंग्टन पोस्टमध्ये व्यंगचित्र काढलं आणि ते बघून ब्रुकलिनच्या एका दुकानदारानं कापडी अस्वल करून त्याला 'टेडी' नाव दिलं. त्याच सुमाराला तिकडे जर्मनीत गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफच्या कारखान्यात तिचा पुतण्या रिखार्ड वेगळंच अस्वल घडवत होता. त्या बाईंचं पहिलं गाजलेलं खेळणं 1880 मधलं, फेल्टचा हत्ती, आणि तोही खरं तर टाचण्या टोचायची उशी म्हणून केलेला. कानातलं बटण 1904 पासूनचं. "नाना, श्रीखंड," वहिनी म्हणाल्या. "हो, तेच सांगतोय," नाना म्हणाले आणि लाइपझिगच्या जत्रेकडे वळले.

पण मग जे त्यांनी केलं, ते बघण्यासारखं होतं. अशा अस्वलाच्या सांध्यांत आतून जाड पुठ्ठ्याच्या चकत्या असतात आणि पोटात लाकूड, म्हणजे पाणी आत गेलं की खेळ खलास. तेव्हा पाणी वापरायचंच नाही, नुसता फेस वापरायचा. एका पातेल्यात गार पाणी, त्यात लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड काही थेंब, आणि घुसळायला काकूंची ताकाची रवी. फेस वर चढला की खालचं पाणी तसंच राहू द्यायचं, वरचा कोरडा फेस तेवढा मुलांच्या मऊ टूथब्रशवर घ्यायचा. आधी पंज्याच्या तळव्याला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, पांढऱ्या कपड्यानं टिपून रंग सुटत नाही ना याची खात्री. मग डागाच्या कडेकडून आत, लवेच्या दिशेनं, नखाएवढ्या जागेवर. लगेच ओल्या, घट्ट पिळलेल्या मलमलीनं फेस टिपायचा. लगेच कोरड्या मलमलीनं ओल टिपायची. मग शेजारची नखाएवढी जागा. नानांची जीभ या वेळी उजव्या गालात गेलेली असते आणि घरात कुणी बोलायचं नसतं. श्रीखंडातलं केशर सगळ्यांत शेवटी हटलं. मग अस्वल पंख्याखाली, चाळणीवर आडवं. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही, कान चिमट्यात अडकवून टांगणं तर नाहीच. अर्धवट वाळल्यावर लव ब्रशनं उभी केली, आणि वहिनी म्हणाल्या ते खरं, दुकानातनं आणल्यावरही ते इतकं देखणं दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या ताकाला लव्हेंडरचा वास येत होता. मला पेला दिला गेला. मी प्यालो. शेजारधर्म म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

जे खेळणं पाण्यात घालण्याजोगं असतं, त्याला रिठा. रात्री भिजत घातलेले रिठे सकाळी उकळून, कुस्करून, दोनदा गाळून. शुभ्र पांढऱ्याला नाही, कारण रिठ्याचा पिवळट रंग बसतो. पाणी हाताला गार-गरम काहीच न लागणारं, आणि विसळतानाही तेवढ्याच तपमानाचं. चोळायचं नाही, पिळायचं नाही, बुडवून दाबायचं आणि सोडायचं. "कापूस भिजला की बळकट होतो, लोकर भिजली की दुबळी," हे वाक्य ते हळू आवाजात म्हणतात आणि ओली मेंढी दोन्ही तळहातांखाली आधार देऊन, न्हाऊ घातलेलं बाळ उचलावं तशी उचलतात. मग टॉवेलात गुंडाळून टॉवेल दाबायचा. एकदा तिच्या टाळूवर त्यांचा हात गेल्याचं मी पाहिलं. विचारलं नाही.

आषाढ-श्रावणात मात्र ओली कामं बंद. डोंबिवलीत पावसाळ्यात रुमाल वाळत नाहीत, तिथं कापूस भरलेला हत्ती आतून कधी वाळणार? वरून कोरडा लागतो आणि पोटात बुरशी धरते. "गणपती होऊन जाऊ देत," असं सांगून नाना तारखा देतात. ऑक्टोबर हीट ही त्यांची लग्नसराई. तेव्हा त्यांच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या क्रेट उलट्या घालून त्यांवर सावलीत प्राणी मांडलेले असतात आणि रस्त्यावरून जाणारी पोरं आपापले ओळखून हात करतात.

हळदीचा मामला वेगळा. वरणभात हा आपल्याकडे खेळण्यांचाही आहार आहे. एका दुपारी पहिल्या मजल्यावरच्या ताई सुती ससा घेऊन धापा टाकत आल्या. हनुवटीवर पिवळा डाग होता, साबण लावला तर डाग लालभडक झाला. नाना खूश झाले. "अहो, कुंकू केलंत की! हळद आणि अल्कली. आपल्या आज्या दुसरं काय करायच्या?" ताईंना रडू आवरत नव्हतं. नानांनी चांगलं विसळलं, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं, लाल डाग पुन्हा पिवळा झाला. मग, एरवी उन्हाच्या नावानं शंख करणाऱ्या या माणसानं, सशाला सकाळच्या कोवळ्या उन्हात हनुवटी वर करून बसवलं. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. संध्याकाळपर्यंत पिवळेपणा उतरला. "हा अपवाद आहे," ते सगळ्यांना बजावत होते. "सुती आहे म्हणून. मेंढी असती तर बसवली नसती."

काकूंचा आणि नानांचा खरा संघर्ष फ्रीजरवरून आहे. लोकरीला कसर लागते. कसरीचे किडे अंडी घालतात, अळ्या लोकर खातात. डांबराच्या गोळ्या नानांनी घरातून हद्दपार केल्यात. मुलं खेळणं तोंडात घालतात आणि काही तान्ह्या बाळांना त्या गोळ्यांच्या नुसत्या वाफेनंही रक्ताचा त्रास होतो. कपाटात वेखंडाची पुरचुंडी चालते. पण कसर एकदा आत शिरली तर वेखंड काय करणार? मग थंडी. खेळणं अगदी कोरडं करून पिशवीत घालायचं, हवा काढून तोंड बंद करायचं आणि फ्रीजरमध्ये पंधरा दिवस. संग्रहालयांत लोकरी वस्तूंना हेच करतात, असं नाना सांगतात, आणि ते खरं आहे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तपमानाला येऊ द्यायची, म्हणजे दव पिशवीवर धरतं, प्राण्यावर नाही. हे सगळं शास्त्र ठीक, पण फ्रीजर एक आणि त्यात काकूंचा हिवाळ्यातला वाटाणा, नारळाचा चव आणि उकडीचे मोदक.

त्यांच्या लेकीच्या सासूबाई, पक्क्या माळकरी, दर्शनाला पंढरपूरला जाताना एक रात्र मुक्कामाला होत्या. काकू पानं वाढत होत्या. नानांना दार उघडायला जावं लागलं आणि तिथूनच ते पाचव्या मजल्यावरच्या कुणाशी बोलले. घरभर ऐकू गेलं. "ससा फ्रीजरमध्येच आहे, काळजी करू नका. मेंढीचं पिल्लू उद्या बाहेर काढतो. हो हो, पोट फाडून बघितलं, आतून स्वच्छ आहे." विहीणबाईंनी घास ताटात ठेवला. काकूंनी फ्रीजर उघडून दाखवला. वाटाण्याच्या पिशवीवर एक ससा बर्फात डोळे उघडे ठेवून पडला होता. विहीणबाईंना खुलासा पटला, पण रात्री त्यांनी फक्त केळं खाल्लं, तेही सोलून आतून बघून.

आता मेंढी. पाचव्या मजल्यावरच्या त्याच घरात दुसरी एक मेंढी होती. नेपाळहून आणलेली, शुद्ध लोकरीची, चांगली मांडीएवढी. घरात पाहुणे आले, नाना गावाला गेलेले, आणि पोराच्या मावशीनं उत्साहानं ती मशीनमध्ये टाकली. गरम पाणी, भरपूर पावडर, पूर्ण चक्र. झाकण उघडलं तेव्हा आत मेंढीचं लिंबू झालं होतं. पाय पोटात गेलेले, तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते कळेना. लोकरीच्या प्रत्येक केसाला खवले असतात. गरम पाणी, अल्कली आणि घुसळण तिन्ही एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात, केस एकमेकांत घुसतात आणि परतीचा रस्ता नसतो. ते उलगडत नाही. कुणालाही उलगडत नाही.

नाना परत आल्यावर घरातले सगळे मेंढी घेऊन खाली आले. मावशी मागे, डोळे सुजलेले. नानांनी चष्मा बदलला. लिंबू हातात घेतलं, फिरवलं, अंगठ्यानं दाबलं, उजेडाकडे धरलं. मला वाटलं, आता शोकसभा. पण नानांचा चेहरा उजळत गेला. "कोण म्हणतं बिघडलं?" ते म्हणाले. "वा! काय मिलिंग झालंय! अहो, ब्लँकेट खात्यात आम्ही हे मुद्दाम करायचो. त्यासाठी मशीनं होती, मास्तर होते, तरी एवढं एकसारखं घट्ट बसायचं नाही." त्यांनी मावशीकडे आदरानं पाहिलं. "किती मिनिटं फिरवलंत?" मावशीला ते टोमणे वाटले आणि ती पुन्हा रडायला लागली.

एवढ्यात ज्याची मेंढी होती, तो पोरगा पुढे आला. त्यानं ती नानांच्या हातातून काढून घेतली, खिशात घातली, खिसा वरून थोपटला. मांडीएवढी मेंढी शाळेत नेता येत नव्हती, बाईंनी दोनदा परत पाठवली होती. आता ती खिशात राहत होती. तो धावत वर गेला आणि दुसऱ्या क्षणी हत्ती घेऊन आला. मोठा, करडा, त्याच्याच उंचीचा. तो नानांपुढे ठेवला.

"ह्याला पण असंच करा."

नानांनी आयुष्यभर लोकांना खेळणी आटू नयेत म्हणून शिकवलं. आटवून द्या, असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. त्यांनी सवयीनं हत्तीचं पोट दाबलं. ते उत्साहानं वर आलं.

"हा आटणार नाही रे बाळा. पॉलिएस्टर आहे."

पोरानं हत्तीकडे पाहिलं, मग नानांकडे, मग वहीकडे.

"मग तुम्हाला काय येतं?"

"हेच मी चाळीस वर्षं विचारतेय," आतून काकू म्हणाल्या. "हत्ती इकडे आण रे."